मोटारींतील मल्ल

रे रोड स्टेशनावरून हार्बर रेल्वेनें उत्तरेकडे निघालें कीं कॉटन ग्रीन मागें टाकून गाडी शिवडीस येते. १९१० सालीं हा लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईचा माजी गव्हर्नर लॉर्ड रे याचें नांव त्या स्टेशनास मिळालें. वखारी, गोद्या आणि कापसाचे गठ्ठे यांचा हा मुलूख. याच पट्ट्यांत, शिवडी येथें, जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. आगबोटींतून आलेले सुटे भाग मुंबईचे कामगार एकत्र जोडीत आणि शेव्हरोले गाडी तयार होऊन रस्त्यावर येई. अमेरिकन मोटारीशीं मुंबईकराचा असा घरोबा होता. म्हणून त्याच कंपनीच्या घरांत पुढें जन्मलेल्या एका विलक्षण गाडीची हकीकत श्रोत्यांस परकी वाटूं नये.

त्या गाडीस अमेरिकेंत 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. लालबाग-परळच्या तालमी ज्यांनीं पाहिल्या आहेत ते तिला पैलवान मोटार म्हणतील, आणि तें नांव तिला शोभेलहि. परंतु केवळ दांडगें इंजिन असलें म्हणजे मोटार पैलवान ठरते काय? तसें असतें तर संस्थानिकांच्या रोल्सराइस गाड्यांसच तो मान द्यावा लागता. खरी व्याख्या अशी कीं, अंग मध्यम आकाराच्या साध्या संसारी गाडीचें, त्यांत थोर गाडीचें आठ सिलिंडरांचें इंजिन, आणि किंमत मात्र नोकरीस नुकत्याच लागलेल्या तरुणास झेपेल इतकी. यांपैकीं किंमतीची अट सर्वांत महत्त्वाची. हौशी मंडळी अश्वशक्तीच्या आंकड्यांवर वाद घालतांना नेमकी तीच विसरतात. गंमत अशी कीं, ज्या काळांत या गाड्या भरांत होत्या त्या काळीं पुष्कळदां त्यांस 'सुपरकार' असेंच म्हणत. 'मसल कार' हें नांव मागाहून रूढ झालें.

मूळ शोधूं गेल्यास प्रथम १९३२ ची फोर्ड लागते. आठ सिलिंडरांचें इंजिन तोंवर श्रीमंतांच्या गाड्यांतच आढळे. हेन्री फोर्डनें २२१ घन इंचांचें व ६५ अश्वशक्तीचें तसें इंजिन सामान्यांच्या गाडींत बसविलें. त्यानंतर १९४९ सालीं जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल शाखेनें आपल्या मोठ्या गाडीचें ३०३ घन इंचांचें नवें इंजिन हलक्या गाडींत घातलें, तीच 'रॉकेट ८८'. कित्येक जाणकार या गाडीस पहिली मसल कार समजतात. तें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं; तथापि घराण्याचा मूळ पुरुष १९६४ सालचा, हें मत अधिक ग्राह्य वाटतें. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे.

पॉन्टिॲक ही जनरल मोटर्सचीच दुसरी शाखा. तिनें आपला खप शर्यतींतील यशावर वाढविला होता. १९६३ च्या आरंभीं वरिष्ठांनीं फर्मान काढलें कीं, कोणत्याहि शाखेनें शर्यतींस हातभार लावूं नये. शिवाय मध्यम गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन बसवूं नये, असा एक दंडक होताच. पॉन्टिॲकचा मुख्य इंजिनियर जॉन डीलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रसेल जी यांच्या ध्यानांत आलें कीं, शाखेचें ३८९ घन इंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें, थोर इंजिन आणि मध्यम गाडीचें लहान इंजिन हीं बाहेरून सारख्याच मापाचीं आहेत. एक काढून दुसरें ठेवलें कीं काम झालें!

ही झाली यंत्राची युक्ति. नियमाची युक्ति याहूनहि सरस होती. दंडक नव्या गाडीस आड येत होता. तेव्हां नवी गाडी म्हणून कांहीं काढलेंच नाहीं. 'टेम्पेस्ट लमाँ' या चालू गाडीवर गिऱ्हाइकानें सुमारें २९६ डॉलर जादा भरून घ्यावयाचा एक साज, एवढेंच तिचें कागदोपत्रीं रूप. फेरारीच्या शर्यतीच्या मोटारीचें 'जी. टी. ओ.' हें नांवहि बेधडक उचललें. शक्ति ३२५ अश्वांची. विक्रीखात्यानें पांच हजारांचा अंदाज धरला होता. पहिल्याच वर्षीं ३२,४५० गाड्या खपल्या. इतका पैसा आल्यावर नियमभंगाची दाद कोण घेणार? शेव्हरोले, ब्यूइक आणि ओल्ड्समोबिल या भावंडांनींहि तीच वाट धरली.

मात्र इंजिन थोराचें आणि ब्रेक मध्यमाचेच, हा दोष पहिल्या गाड्यांत राहिला. ड्रम ब्रेक तापून ढिले पडत, अशी तक्रार त्या वेळींहि झाली. वेगाची हौस तरुणांस, आणि त्याची किंमत कधीं कधीं रस्त्यावरील तिऱ्हाइतास मोजावी लागे. विमा कंपन्यांनीं अशा गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढविले तें उगाच नव्हे.

मग ज्या मुंबईंत शेव्हरोले जोडल्या जात, तेथें ही पैलवान मोटार कां आली नाहीं? १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें असें धोरण सुचविलें कीं, नुसते भाग आणून जोडणें पुरे नव्हे. जे कारखाने भाग येथेंच घडवितील त्यांनाच थारा द्यावा. सरकारनें तें मानलें, आणि १९५४ सालीं जनरल मोटर्सनें शिवडीचें काम आटोपतें घेतलें. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्यास होता. आरंभीं तेथें क्रायस्लर कंपनीच्या डॉज व प्लिमथ या अमेरिकन गाड्याच होत. परंतु पुढें भर इटालियन फियाटवर आला. ज्या सुमारास अमेरिकेंत ६.४ लिटरची जी. टी. ओ. निघाली, त्याच सुमारास कुर्ल्याहून १०८९ घन सेंटिमीटरची 'फियाट डिलाइट' निघूं लागली. इंजिनाचें माप जवळजवळ सहाव्या हिश्शाचें! परकीय चलनाची टंचाई आणि आपल्या अरुंद गल्ल्या पाहतां मुंबईचें यांत फारसें बिघडलें नाहीं.

अमेरिकेंत १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आला, इंजिनांचा दाब १९७१ पासून कमी करावा लागला, आणि १९७३ च्या तेलबंदीनें उरलेलें काम केलें. मूळची जी. टी. ओ. १९७४ सालीं बंद पडली. फियाटची वारस पद्मिनी मात्र काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धांवत होती.