दृष्टिपटल आणि वृद्धिघटक

नागपुरात सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर वारंवार चष्म्याची काच बदलून घेणाऱ्या पोक्त गृहस्थास मधुमेह असेल, तर त्याच्या तक्रारीचे मूळ चष्म्यात नसून नेत्राच्या अंतर्भागी असलेल्या दृष्टिपटलात असण्याचा संभव असतो.

रक्तातील शर्करा दीर्घकाळ चढती राहिली, की पेशींतील तंतुकणिकांतून प्राणवायूचे उपद्रवी अंश प्रमाणाबाहेर निर्माण होतात आणि त्यांचा बंदोबस्त करण्यास शरीराची यंत्रणा अपुरी पडते. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. त्याने केशवाहिन्या जीर्ण होतात, प्राणवायूची टंचाई पडते, आणि मग दृष्टिपटल 'व्हीईजीएफ' नामक वृद्धिघटक स्रवून नव्या वाहिन्यांची मागणी करते. मागणी रास्त, पण पुरवठा निकृष्ट. कारण या वाहिन्या इतक्या नाजूक असतात, की त्यांतून द्रव झिरपतो, रक्तस्राव होतो आणि प्रसंगी दृष्टीही जाते. १९८३ साली या वृद्धिघटकाची प्रथम नोंद झाली, तीही वाहिन्यांना गळती लावणारा म्हणूनच.

आता त्याला निष्प्रभ करणारी औषधे थेट डोळ्यात टोचता येतात. मात्र शर्करा व रक्तदाब बेताबाहेर असल्यास केवळ तेवढ्यावर भागत नाही. आणि सडपातळ माणसांनीही निर्धास्त राहू नये, कारण मधुमेहाचा धोका केवळ वजनावर ठरत नाही: पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात, आपली भारतीय अर्भके वजनाने हलकी असूनही त्यांच्या अंगी चरबीचा अंश तुलनेने अधिक आढळला आहे.

दिसण्यात काही उणे वाटत नसले, तरी मधुमेह्याने वर्षातून एकदा बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासून घ्यावे. सीताबर्डीवरून धंतोलीचे दवाखाने काही दूर नाहीत.