गाठ आणि पाळत



कर्करोग म्हटला की माणूस म्हणतो, आजच कापा! पण गळ्यातील थायरॉईड ग्रंथीची एक सेंटिमीटरपर्यंतची, डॉक्टरांनी तपासून कमी धोक्याची ठरवलेली गाठ निराळी. जपानातील कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून अशा गाठींवर पाळत ठेवली. १२३५ रुग्णांत दहा वर्षांत शेकडा सुमारे ८ जणांची गाठ वाढली. या रोगाने कोणी दगावले नाही.

शस्त्रक्रियेत स्वरयंत्राच्या नसेला इजा झाली तर आवाज बसतो. ओरडून माल विकणाऱ्याने मग खावे काय? संप हे हत्यार खरेच. पण ते पहिल्याच दिवशी उपसायचे नसते.

मात्र पाळत म्हणजे दुर्लक्ष नव्हे. सहा महिन्यांनी, पुढे दरसाल सोनोग्राफी हवी. जिंतूर-पाथरीच्या मजुराला ती खाडा न होता मिळाली पाहिजे. नाही तर हा शहाणपणा केवळ पैसेवाल्यांचा!