काट्याभोवतीचा पू आणि छातीतला खोकला
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बचतीचा आणि हप्त्याचा विषय थोडा बाजूला ठेवू. आज आपल्या अंगातल्या राखणदारांबद्दल बोलायचंय. सुरुवातीला शाळेतलं विज्ञान वाटेल, पण बोलणं शेवटी आपल्या घरातल्या खोकल्यापर्यंत येणार आहे.

मला सांगा, खुरपताना पायात बाभळीचा काटा मोडला आणि तसाच आत राहिला, तर दोन-तीन दिवसांनी काय होतं? बरोबर. जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि पिकते. दाबलं की पू येतो. आपण म्हणतो, घाण निघाली. पण त्या पुवात मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशी असतात, जंतूंशी लढता लढता मेलेल्या.

रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणतात ना, "पांढऱ्या पेशी वाढल्यात"? त्या ह्याच. टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात त्या साधारण ४ हजार ते ११ हजार असतात. त्यातल्या काही पेशींचं कामच खाण्याचं. जंतू दिसला की त्या त्याला चहूबाजूंनी वेढतात, गिळतात, आत एका पिशवीत कोंडतात आणि त्या पिशवीत पाचक रस सोडून त्याचा फडशा पाडतात. म्हणून त्यांना भक्षक पेशी म्हणतात. एक जात चटपटीत, जखमेकडे आधी धावून येणारी, पण थोड्या दिवसांची सोबतीण. दुसरी जात आकाराने मोठी, फुप्फुसात, यकृतात ठाण मांडून बसणारी.

हे कळलं कसं, तेही काट्यावरूनच. इल्या मेचनिकॉव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ १८८२ साली इटलीत मेसिना या समुद्रकाठच्या शहरात राहत होते. तारामाशाची अगदी लहान पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. त्यांनी त्या पिल्लांना गुलाबाचे काटे टोचून ठेवले. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला! ह्या कामासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी, जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा, म्हणजे टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणून २४ मार्च हा क्षयरोग दिन. आणि हा जंतू भक्षक पेशींपेक्षा लबाड निघाला.

कसा, ते ऐका. रोग्याच्या खोकल्यातून जंतू हवेत येतो, आपल्या श्वासातून फुप्फुसात जातो. तिथली भक्षक पेशी त्याला गिळते. इथपर्यंत सगळं ठीक. पण हा जंतू त्या पिशवीत पाचक रस येऊच देत नाही. राखणदाराच्याच झोपडीत चोर मुक्कामाला राहावा, तसा तो पेशीच्या पोटात राहतो. मग आणखी पेशी येतात, सगळ्या मिळून भोवती गाठ बांधतात आणि त्याला कोंडून ठेवतात. जंतू अंगात शिरलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो, तो ह्या कोंडवाड्यामुळे. बाकीच्यांच्या अंगात तो दबून राहतो.

कोंडवाडा फुटतो कधी? अंगातली ताकद कमी झाली की. पोटभर खाणं नाही, साखरेचा आजार आहे, एचआयव्ही आहे, विडी-सिगारेट आहे. आणि चुलीचा धूर. धुरातली काजळीही ह्याच पेशी गिळतात, पण ती त्यांना पचत नाही. काजळीने पोट भरलेली पेशी जंतूशी काय लढणार?

खाण्याचं तर मुद्दाम सांगते. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ साली त्याचा निकाल छापून आला. ज्या घरांत हे धान्य मिळालं, तिथल्या माणसांमध्ये नवीन क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. डाळ-भाताने! आणि आपल्याकडे सगळ्यांचं झाल्यावर तळाची आमटी घेऊन बसते कोण? आपणच ना?

आता गोळ्यांचं. आपल्या एका गटातल्या ताईंनी दोन महिन्यांत गोळ्या बंद केल्या. खोकला थांबला, वजन वाढलं, वर घरचे म्हणाले, "आता बरी आहेस की, कशाला दवाखान्यात जाऊन लोकांना कळू देतेस?" पण जोरात वाढणारे जंतू आधी मरतात, म्हणून लवकर बरं वाटतं. पेशींच्या पोटात, गाठींत दबून बसलेले मागे राहतात. हराळी वरवर खुरपली तर रान स्वच्छ दिसतं, पण मुळी राहिली की पुन्हा उगवते. म्हणून साध्या क्षयाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. अर्धवट सोडला, तर पुढे तीच औषधं लागू पडेनाशी होऊ शकतात. त्या ताईंचा आजार परत उलटला. आशाताईंनी समजूत घातल्यावर उपचार पुन्हा सुरू झाले.

तर प्रत्येक गटाने एवढं करायचं.

एक, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त, ह्यांतलं काहीही असलं तर आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. तपासणीला तोंडातली थुंकी चालत नाही, खोल खोकून काढलेला बेडका लागतो.

दोन, घरात क्षयरोगी असेल तर घरच्या सगळ्यांची, खास करून लेकरांची तपासणी करून घ्या. गरज असेल त्यांना आजार होऊ नये म्हणून आधीच गोळ्या देतात.

तीन, निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. खात्याची अडचण असेल तर गटाच्या सचिवांनी मदत करावी. ते पैसे अंडी, डाळ, शेंगदाण्यासाठी आहेत, हप्त्यासाठी नाहीत.

चार, क्षय झालेल्या मैत्रिणीला गटातून वगळायचं नाही. उपचार नियमित सुरू राहिले की तिच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. सुरुवातीला तिने तोंडाला पदर किंवा रुमाल बांधावा, सभा मोकळ्या हवेत घ्यावी. आजारपणात हप्ता पुढे ढकलायचा असेल, तर गटाने तसा ठराव करावा.

आपल्या पेशी रात्रंदिवस राखण करतात. त्यांना पोटभर खाऊ घालणं, धुरापासून वाचवणं आणि त्यांच्याच्याने होत नाही तेव्हा औषध पूर्ण घेणं, एवढं आपल्या हातात आहे. येत्या सभेत वसुलीच्या आधी फक्त एक प्रश्न विचारा, "कुणाला खोकला आहे का?"