जमीन कोणाची? – 'यलोस्टोन' आणि '१८८३'

आज दोन अमेरिकन मालिकांविषयी बोलू. घराण्याची गोष्ट एकच, काळ मात्र वेगळे.

'यलोस्टोन' २०१८ साली सुरू झाली आणि २०२४ मध्ये संपली. मोंटाना राज्यातला जॉन डटन हा हजारो एकरांचा मालक. बिल्डर, सरकार, शेजारचे आदिवासी, सगळ्यांपासून त्याला जमीन राखायची आहे. त्यापायी खून पडतात, भाऊ-बहीण एकमेकांचे वैरी होतात. त्याची मुलगी बेथ हुशार, जिभेची तिखट. पण तिचं सारं आयुष्य बापाची जमीन वाचवण्यातच जातं. मालिका रंगते खरी, पण भांडण तेच तेच होत राहतं.

'१८८३' ही तिच्या आधीची गोष्ट, २०२१ साली आलेली, फक्त दहा भागांची. जॉनचे पूर्वज जेम्स आणि मार्गारेट मुलांना घेऊन टेक्सासहून घोडागाड्यांच्या तांड्याबरोबर निघतात. वाटेत नदी माणसं गिळते, साप चावतात, लुटारू येतात. गोष्ट सांगते त्यांची तरुण मुलगी एल्सा. तिला बाण लागतो. ती वाचणार नाही हे कळल्यावर बाप ठरवतो, लेकीला जिथं पुरू तिथंच घर करू. ती जागा तिलाच निवडायला सांगतो.

म्हणजे 'यलोस्टोन'मध्ये ज्या मातीसाठी एवढं रक्त सांडतं, तिच्यात एका लेकीची कबर आहे! हे कळलं की जॉनचा हट्ट निराळा वाटू लागतो. आणि ती जागा मोकळी नव्हतीच. तिथला एक आदिवासी वडीलधारा जेम्सला बजावतो की सात पिढ्यांनी आमचे लोक ही जमीन परत घेतील. 'यलोस्टोन'च्या शेवटी जॉनचा मुलगा ती एकरी सव्वा डॉलरने आदिवासींनाच देतो. दोन्ही मालिका पाहिल्या तरच हा हिशेब पुरा होतो.

मला विचाराल तर '१८८३' सरस. 'यलोस्टोन' जमीन कशी राखली ते दाखवते, '१८८३' तिची किंमत कोणी मोजली ते सांगते, आणि तेही मुलीच्या तोंडून.

आपल्याकडेही सातबाऱ्यावर नाव बहुतेक वेळा बाप-भावाचंच असतं. त्या शेतात कोणत्या बाईचा घाम जिरलाय, हे कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं. घरातल्या म्हाताऱ्या आजीला एकदा विचारा. तिला सगळं माहीत असतं.