पेनड्राइव्हवरची ऑपरेटिंग सिस्टीम

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम पार बिघडली, की ती नव्याने टाकण्यासाठी संगणक बाहेरून सुरू करून देणारे साधन लागते. पूर्वी ते काम सीडी करी. सीडीत 700 एमबी मावत, डीव्हीडीत 4.7 जीबी. विंडोज 11 ची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत, त्याहून मोठी, आणि नव्या लॅपटॉपना डीव्हीडीचा कप्पाच नसतो. त्यामुळे आता किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह वापरतात. तयार करताना तो पूर्ण पुसला जातो. आतले फोटो, कागदपत्रे आधीच दुसरीकडे ठेवावी लागतात.

आयएसओ घ्यायची ती मूळ निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून. पण तेवढ्याने भागत नाही. 20 फेब्रुवारी 2016 रोजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमच्या संकेतस्थळात हल्लेखोर शिरले. त्यांनी 17.3 सिनॅमन आवृत्तीची लिंक बदलून चोरवाट ठेवलेली आयएसओ लोकांच्या हाती दिली. पान खरे, पत्ता खरा, फाइल मात्र खोटी! यासाठीच निर्माते फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली खूण, देतात. एसएचए-256 पद्धतीचा चेकसम 64 अक्षरी असतो. उतरवलेल्या फाइलचा चेकसम काढून तो ताडून पाहायचा. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी चेकसम ओळखू येणार नाही इतका बदलतो. मात्र संकेतस्थळच फोडलेले असेल, तर तिथला चेकसमही बदललेला असू शकतो. म्हणून लिनक्सचे बहुतेक निर्माते त्यावर डिजिटल सहीही करतात. पडताळणीला पाच मिनिटे लागतात, तरी नेमकी हीच पायरी अनेकदा गाळली जाते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे विंडोजची आयएसओ जशीच्या तशी पेनड्राइव्हवर कॉपी करणे. तसा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू होत नाही, कारण त्याला आत दिसते ती केवळ एक मोठी फाइल. ती उलगडून बूट होईल अशा रीतीने लिहावी लागते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल फाइल उतरवणे आणि लिहिणे दोन्ही करते. रुफस हा मोफत प्रोग्राम विंडोज आणि लिनक्स दोन्हींच्या आयएसओ पेनड्राइव्हवर लिहितो.

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची; डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच यंत्रांत ती एफ12, एचपीत एफ9 असते. डिस्कवर विंडोजच्या बिटलॉकरचे कुलूप असेल आणि त्यातला मजकूर वाचवायचा असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी. ती हरवली, तर आतला मजकूर मायक्रोसॉफ्टलाही काढून देता येत नाही.