डोळ्यांची हालचाल आणि मनाची जखम

१९८७ साली कॅलिफोर्नियात फ्रान्सिन शापिरो ही मानसशास्त्राची अभ्यासक बागेत फिरत होती. नको ते विचार मनात घोळत असताना आपले डोळे भराभर इकडून तिकडे हलताहेत आणि विचारांची धार बोथट होतेय, असं तिला जाणवलं. त्यातून घडलेल्या उपचाराला आज ‘ईएमडीआर’ म्हणतात. गोष्ट जरा फारच सुबक वाटते खरी! पण २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही आघातानंतरच्या तणावविकारासाठी या उपचाराची शिफारस केली.

या उपचारात आधी मन सावरायचे मार्ग शिकवतात. मग अपघाताचं, अत्याचाराचं सर्वांत झोंबणारं दृश्य डोळ्यांसमोर आणायचं आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची. थोड्या वेळानं थांबायचं, काय जाणवलं ते सांगायचं, पुन्हा सुरू. घडलेलं सगळं तपशीलवार सांगायची सक्ती नसते, हा मोठाच दिलासा.

यानं आठवणीची धार बोथट का होते? एक स्पष्टीकरण असं, की आठवण धरणं आणि नजर फिरवणं, दोन्ही मेंदूला एकदम झेपत नाही. त्यामुळे दृश्य फिकं पडतं. डोळ्यांची हालचाल खरोखर आवश्यक आहे का, यावर मात्र तज्ज्ञांत वाद आहे.

आठवण पुसली जात नाही, तिचा डंख कमी होतो. व्हिडिओ पाहून घरी हा प्रयोग करू नका; प्रशिक्षित तज्ज्ञच गाठा. सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन आहे : १४४१६.