बाहेरून चकाचक, आतून?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या घरगुती व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं. मला सांगण्यात आलं, "काका, तुम्ही बँकेतले, गुंतवणुकीवर बोला." मी गुंतवणुकीवरच बोलणार आहे, पण मुदत ठेवीवर नाही. फ्लॅटच्या खालोखाल मोठा चेक आपण ज्या वस्तूसाठी फाडतो, ती वस्तू खाली पार्किंगमध्ये उभी आहे. तिला बाहेरून रोज फडकं मारलं जातं. आत काय चाललंय, ते दार उघडल्यावर कळतं. सीटखाली शेंगांची टरफलं, डॅशबोर्डवर धुळीचा थर, मागच्या काचेपाशी गेल्या दसऱ्याचा वाळका झेंडू. म्हणून आजचा विषय गाडीच्या आतल्या स्वच्छतेचा. हसू नका, यात पैसा आहे, तब्येत आहे आणि जिवाचाही प्रश्न आहे.

आधी पैशाचं. विम्याच्या कागदावर गाडीची जी घोषित किंमत असते, आयडीव्ही म्हणतात तिला, ती ठरलेल्या कोष्टकाने उतरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा. या कोष्टकाला तुमची सीट स्वच्छ की मळकी याच्याशी देणंघेणं नाही. पण विकत घेणाऱ्याला आहे! आम्ही जुन्या गाडीवर कर्ज द्यायचो तेव्हा गाडी नजरगहाण करून घेण्याआधी बघायला जायचो. बॉनेट सगळेच उघडतात. जाणता माणूस दार उघडून आधी वास घेतो, मग मॅट उचलतो आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर समजायचं, गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली आहे. आणि जो माणूस आतला भाग नीट ठेवतो, तो ऑइलही वेळेवर बदलत असणार, असा समोरच्याचा ग्रह होतो. भाव तिथेच ठरतो.

जुन्या लोकांना प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडर आठवत असतील. रेक्झिनच्या सीटा. ओलं फडकं फिरवलं की काम झालं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हळूहळू आपल्यासारख्या नोकरदारांच्या घरात गाडी शिरली. पुढे कापडी सीटा आल्या, गालिचा आला, एसी आला. गाडी बदलली, आपली साफ करायची पद्धत मात्र ॲम्बॅसॅडरचीच राहिली. बादली, फडकं, दे घासून!

आता आपल्या पारनेरचं. आपला तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. मुरमाड माळ, खडी वाहणारे डंपर, उन्हाळ्यातल्या वावटळी. सुप्याला जाऊन या नाहीतर टाकळी ढोकेश्वरला, पीठ मळल्यासारखी गाडी परत येते. त्या धुळीत बारीक खर असते. डॅशबोर्डवर कोरडं फडकं जोरात घासलं की पॉलिशपेपर घासल्यासारखं होतं. चकाकीही जाते आणि चरेही पडतात.

म्हणून पहिला नियम, वरून खाली आणि आधी कोरडं, मग ओलं. मॅट बाहेर काढून झटका. मऊ ब्रशने एसीच्या जाळ्या, बटणांच्या फटी, सीटच्या शिवणी झाडा. मग व्हॅक्यूम लावा. घरचा चालतो, निमुळती नळी तेवढी लावा. त्यानंतर मायक्रोफायबरचं फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि हलक्या हाताने पुसायचं. बाजारात दोन फडकी घ्या, एक काचेला, एक बाकीच्याला. काचेचं फडकं दुसरीकडे लावायचं नाही.

काच आतून पुसणारे फार कमी. उन्हात तापलेल्या प्लास्टिकची वाफ आणि धूळ मिळून काचेवर आतून एक पुसट पापुद्रा बसतो. दिवसा दिसत नाही. रात्री नगर-पुणे रस्त्यावर समोरून ट्रकचा दिवा आला की सगळी काच पांढरी होते. आमच्या वयात मोतीबिंदूला दोष देण्याआधी काच पुसून बघावी. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

एसीचं सांगतो. बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे एक फिल्टर असतो. डॉक्टर जसा एक्स-रे दाखवतो तसा तो सर्व्हिसिंगच्या वेळी काढून दाखवायला सांगा. आपल्या धुळीत तो लवकर भरतो, आणि मग तीच धूळ नातवंडांच्या नाकात. डंपरच्या मागे असाल तर आतली हवा आत फिरवायचं बटण दाबा. लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर झापड येते. एसी लावल्यावर कुबट वास येत असेल तर घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. आतली कॉइल सुकते आणि वास धरत नाही. वासावर अत्तराची बाटली लटकवणं म्हणजे अंघोळ न करता पावडर लावणं.

आता डाग. हा भाग भगिनींना माझ्यापेक्षा जास्त कळतो, तरी आपल्याकडचे तीन डाग सांगतो.

पहिला भंडाऱ्याचा. पौष पौर्णिमेला कोरठणच्या खंडोबाला आपण सहकुटुंब जातो. येळकोट करून आलो की सीट सोन्याची! पुष्कळ जण लगेच साबण लावतात आणि डाग लालभडक होतो. मग म्हणतात, देवाचा कोप झाला. कोप नाही, हळदीचा गुणधर्म आहे. साबण किंवा सोडा, म्हणजे क्षार लागला की हळद लाल होते. शाळेत हळदीचा कागद करून हाच प्रयोग दाखवतात. म्हणून भंडारा कोरडाच झाडा, व्हॅक्यूमने ओढून घ्या. राहिलेला पिवळेपणा पाण्यात थोडा व्हिनेगर टाकून टिपा, घासू नका. मग दारं उघडून सीटवर ऊन येऊ द्या. हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन-चार उन्हं लागतील, पण जातो.

दुसरा दुधाचा. डेअरीला किटली घेऊन जाणारे आपल्यात आजही आहेत. दूध सांडलं की गरम पाणी कधीही नाही, त्याने ते कापडात धरून बसतं. ताबडतोब सुती कापडाने टिपा, गार पाणी मारून पुन्हा टिपा. वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. वास जातो. मात्र भंडाऱ्याच्या जागी सोडा नको, कारण आत्ताच सांगितलं.

तिसरा तेला-तुपाचा. भेळ, भजी, लग्नातले लाडू. डागावर मैदा किंवा टाल्कम पावडर टाका, अर्ध्या तासाने झाडा, मग भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब ओल्या फडक्यावर घेऊन टिपा.

डिकीत कांद्याची गोणी आणणार असाल तर खाली जुनी ताडपत्री घाला आणि घरी आल्यावर डिकी तासभर उघडी ठेवा. कांद्याची पात, शेवेचा चुरा, अक्षतांचे दाणे आत राहिले की उंदीर येतो. पार्किंगमध्ये उंदीर येतो तो खाऊसाठी, पण वायरी कुरतडून जातो. हा प्रश्न एकट्याचा नाही. शेजारच्या गाडीतला चुरा तुमच्या गाडीची वायर खातो!

आता काय करू नये. कापडी सीटवर बादलीने पाणी नको. आतला फोम पाणी धरतो, पावसाळ्यात आठ-आठ दिवस वाळत नाही. फिनेल, पेट्रोल, ब्लीच, यातलं काहीच आत नको. करोनाच्या काळात सॅनिटायझरने डॅशबोर्ड पुसायची सवय लागली, ती सोडा, प्लास्टिकचा रंग उडतो. दुकानदार चमकणारं पॉलिश देतो. ते डॅशबोर्डला लावलंत तर उन्हात त्याची तिरीप काचेत दिसते. स्टिअरिंगला आणि पेडलला लावलंत तर हातपाय घसरतात. मॅट फिनिश असेल ती मॅटच राहू द्या. आणि आपल्या बजेटमधल्या गाड्यांत ज्याला लेदर म्हणतात ते बहुधा कृत्रिम असतं. त्याला महागडं तेल पाजू नका, ओलं फडकं पुरे.

आणि ते प्लास्टिक! रिमोटचं प्लास्टिक काढायचं नाही, सोफ्याचं काढायचं नाही, तसं नव्या गाडीच्या सीटचंही काढायचं नाही. वर्षवर्ष लोक त्या पॉलिथिनवर घसरत बसतात. त्याखाली घाम आणि ओल साचते, सीट कुबट होते. "नव्या गाडीचा वास" म्हणून आपण जो छाती भरून घेतो, तो प्लास्टिकचा आणि चिकटद्रव्याचा वास आहे. पहिले काही महिने काचा उघडून हवा खेळू द्या. प्लास्टिक पहिल्या दिवशी काढा, पेढे वाटायच्या आधी.

नवेपणा टिकवणारी सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे पुढच्या काचेला लावायची घडीची सावली. ऊन हा आतल्या भागाचा खरा शत्रू. काळी फिल्म मात्र नको. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबत स्पष्ट आदेश दिलेला आहे, "माझी ओळख आहे" म्हणून तो बदलत नाही.

मघाशी जिवाचा प्रश्न म्हणालो, त्याकडे येतो. हा भाग तरुणांनी विशेष ऐकावा.

एक, मॅटवर मॅट टाकू नका. मूळ मॅट स्वच्छ राहावी म्हणून वर दुसरी टाकतात. ती पुढे सरकून ॲक्सिलरेटरखाली किंवा वर अडकते. २००९ च्या सुमारास टोयोटाने अमेरिकेत याच कारणाने लाखो गाड्या परत मागवल्या होत्या. ड्रायव्हरकडची मॅट हुकात अडकवलेली पाहिजे आणि पाण्याची बाटली दारातल्या खाचेत. घरंगळून ब्रेकखाली गेली की पाय दाबूनही गाडी थांबत नाही.

दोन, सीट कव्हर. सीटच्या कडेला एअरबॅग असं लिहिलेली छोटी पट्टी असेल तर तिथे घट्ट शिवलेलं कव्हर चालत नाही. सीट स्वच्छ राहील, पण वेळेला फुगा उघडणार नाही. बसवणाऱ्याला आधी विचारा.

तीन, सीटबेल्ट. मागचा पट्टा आपण सीटखाली खोचून ठेवतो. कुणाला लावायला सांगितलं तर म्हणतात, "नको, साडी मळेल." मळेलच! तो कधी पुसला जातो? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. मागच्या पट्ट्यासाठीही कायद्याने १,००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी लावू नका. महिन्यातून एकदा चारही पट्टे पूर्ण बाहेर ओढा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, वाळल्यावरच आत जाऊ द्या. ब्लीच नको, विणीची ताकद जाते. आणि बक्कलातला कचरा ब्रशने काढा. स्वच्छ पट्टा माणूस लावतो. माझ्या मते आतल्या साफसफाईतलं हे पहिलं काम, डॅशबोर्ड नंतर.

चार, सीट वाळवायला दारं उघडी ठेवाल तेव्हा तिथेच थांबा. आपल्या पार्किंगमध्ये मुलं लपाछपी खेळतात. बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते. गाडीत अडकून मुलं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. काम झालं की आत, सीटखाली, डिकीत बघा आणि मग कुलूप लावा. ही विनंती नाही, रौप्यमहोत्सवी वर्षात आपण ठराव म्हणून स्वीकारावा अशी माझी सूचना आहे.

शेवटी पाण्याबद्दल. आम्ही बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं. ज्या तालुक्यात १९७५ पासून राळेगणसिद्धीने पाणी अडवायला आणि जिरवायला शिकवलं, तिथे पाइप लावून गाडी धुणं शोभत नाही. बाहेरून धुवायला बादल्या लागतात, आतून पुसायला एक तांब्या पुरतो. म्हणजे आजचा विषय टंचाईतही चालणारा आहे.

आणि हे काम कुणी करायचं? सेनापती बापट याच पारनेरचे, १८८० चा जन्म. परदेशात शिकून आलेला, क्रांतिकारकांत वावरलेला हा माणूस गावात हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचा. त्यांनी गावाची घाण काढली, आपल्याला स्वतःच्या गाडीतली शेंगांची टरफलं काढायला माणूस लागतो. जो मुलगा सकाळी गाड्या पुसायला येतो त्याचे पैसे कापू नका, त्याला बाहेरचं काम आहेच. आतलं मात्र रविवारी अर्धा तास नातवंडांना घेऊन स्वतः करा. ज्याने एकदा सीटखालून चिकटलेलं चॉकलेट खरवडलं, तो मुलगा परत गाडीत चॉकलेट सांडत नाही.

सगळं लक्षात राहणार नाही. चार गोष्टी ठेवा. सीटबेल्ट पुसा, काच आतून पुसा, मॅट एकच ठेवा आणि प्लास्टिक आज रात्रीच काढा. प्रश्न असतील तर चहा घेताना विचारा, आणि चहा गाडीत नेऊ नका.